सुधारित रोहूचे बीज : लहान तळ्यात जादा पैसे केव्हा वसूल होतात?



नवी मुंबई शहराच्या उभारणीसाठी १९७० नंतर पनवेल, उरण आणि ठाणे तालुक्यांतील गावांच्या भातजमिनी सिडकोकडे गेल्या. ज्यांच्याकडे दहा-वीस गुंठे उरले, त्यांच्यापैकी काहींकडे घरामागचे तळे, खाजणालगतचा खड्डा किंवा शेततळे आहे. रायगडात अशा तळ्यांत जिताडा पाळण्याची चाल जुनीच आहे. आता खारघर, कामोठे, उलवे या वसाहतींत बंगाल, ओडिशा, बिहारकडील कुटुंबे राहावयास आली असून ताज्या रोहू-कटल्याला दाराशी गिऱ्हाईक मिळते. त्यामुळे 'जयंती रोहूचे बीज महाग पडते, ते घ्यावे काय?' असा प्रश्न अनेक जण विचारतात. बीज जरूर घ्यावे, परंतु तीन गोष्टी जुळत असतील तरच. त्या कोणत्या, ते येथे पाहू.

जयंती रोहू म्हणजे काय?

भुवनेश्वरजवळ कौसल्यागंगा येथे गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धनाची केंद्रीय संस्था आहे. 'सीफा' या नावाने ती ओळखली जाते. या संस्थेने १९९२ पासून नॉर्वेतील तज्ज्ञांच्या सहकार्याने रोहूची निवड पद्धतीने सुधारणा सुरू केली. गंगा, यमुना, गोमती, सतलज आणि ब्रह्मपुत्रा या नद्यांतील रोहू आणून ते संस्थेच्या स्वतःच्या रोहूंबरोबर वाढविले. प्रत्येक जोडीची पिल्ले सुरुवातीला वेगळी वाढवून, त्यांच्या पोटात तांदळाच्या दाण्याएवढी खूणचिप बसवून, मग सर्वांना एकाच तळ्यात सोडले. पाणी एक, खाद्य एक. म्हणून जे कुटुंब अधिक वाढले ते जातीच्या गुणाने वाढले, हे कळले. त्यांतील उत्तम मासे पुढच्या पिढीसाठी ठेवले. पिढीमागे वाढीत सरासरी सुमारे १७ टक्के सुधारणा मिळाली. स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, १९९७ मध्ये, 'जयंती' या नावाने ही जात प्रसारित झाली. अलीकडे याच संस्थेने याच पद्धतीने 'अमृत कटला' तयार केला आहे.

भातात आपण जोमदार लोंब्या निवडून बियाणे धरतो, तोच हा प्रकार. यात बाहेरचे जनुक घातलेले नाही आणि हा दोन जातींचा संकरही नाही. सह्याद्रीसारख्या संकरित भाताचा गुण पुढच्या वर्षी टिकत नाही. निवडीने आलेला गुण मात्र पुढच्या पिढीत उतरतो. तो टिकतो की नासतो, हे बीज तयार करणाऱ्या केंद्रावर अवलंबून असते.

पहिली गोष्ट : बीज खरे असावे

रोहू, कटला, मृगळ हे मासे साठलेल्या पाण्यात आपणहून अंडी घालत नाहीत. १९५७ मध्ये डॉ. हिरालाल चौधुरी आणि डॉ. के. एच. अलीकुन्ही यांनी ओडिशात माशांच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून त्यांचे प्रजनन यशस्वी केले आणि बीजासाठी नदीवर अवलंबून राहण्याची गरज संपली. पण त्याबरोबर बीजाची प्रत केंद्राच्या हाती गेली. केंद्रात मोजकेच नर-मादी ठेवून त्यांचीच पिल्ले वर्षानुवर्षे पुन्हा प्रजननाला वापरली, तर सगोत्र प्रजनन होते. वाढ खुंटते, वेडीवाकडी पिल्ले निघतात, मरतूक वाढते. कर्नाटकातील मत्स्यबीज केंद्रांत हा दोष असल्याचे १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले होते. शिवाय एकाच हौदात निरनिराळ्या जाती सोडल्यास रोहू-कटल्याचा नको असलेला संकर होतो.

बोटाएवढ्या पिल्लाकडे नुसते पाहून ते जयंती आहे की साधे, हे खात्रीने सांगता येत नाही. म्हणून विक्रेत्याला पुढील गोष्टी विचाराव्यात :

१. प्रजनक मासे कोठून आणले व कोणत्या वर्षी? सीफा, भुवनेश्वर येथील राष्ट्रीय गोड्या पाण्यातील मत्स्य प्रजनक पेढी किंवा त्यांनी मान्य केलेले केंद्र, असे लेखी उत्तर मिळावे.

२. पावतीवर जातीचे नाव, आकार आणि नग लिहून देणार काय?

३. प्रजनक मासे ठरावीक काळाने बदलले जातात काय?

उत्तर मिळाले नाही तर जादा दर देऊ नये. शंका असल्यास जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात चौकशी करावी. स्वतःच्या तळ्यातील मोठे झालेले जयंती मासे बीज काढण्यासाठी कोणाला विकू नयेत. एकाच खेपेतील ते बहुधा भाऊ-बहीण असतात.

दुसरी गोष्ट : आकार

आपल्याकडील पुष्कळ तळी पावसावर भरतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये आटतात. खाजणालगत तर जानेवारीपासून पाणी मचूळ होऊ लागते. लिटरमागे ४-५ ग्रॅमच्या वर क्षार गेल्यास कार्पची वाढ मंदावते. म्हणजे वाढीला जेमतेम सात-आठ महिने मिळतात. जून-जुलैत निघालेल्या मत्स्यजिऱ्यांची बोटुकली होण्यास दोन-तीन महिने जातात. त्या वर्षीच्या बोटुकलीची वाट पाहिल्यास अर्धा हंगाम निघून जातो आणि घाईने बारीक बीज सोडल्यास त्यातील बरेचसे बेडूक, पाणसाप आणि पाणकिड्यांच्या पोटी जाते.

समजा, दहा गुंठ्यांच्या तळ्यात २०० रोहू सोडले. साध्या जातीची १० सेंटिमीटरची बोटुकली असेल, शेकडा ८० जगली आणि ५०० ग्रॅमची झाली, तर १६० मासे, म्हणजे ८० किलो. तीच बोटुकली सुधारित असेल आणि २० टक्के अधिक वाढली, तर ९६ किलो. पण सुधारित जातीचेच दोन-तीन सेंटिमीटरचे बीज सोडले आणि शेकडा ४० जगले, तर ८० मासे ६०० ग्रॅमप्रमाणे ४८ किलोच भरतील. मासे विरळ राहिल्याने थोडे अधिक वाढतील, पण एवढी तूट भरून निघणार नाही. हे आकडे हिशेबापुरते धरले आहेत, तरी त्यावरून ध्यानात यावे की जातीने मिळविलेले बारीक आकाराने गमावता येते.

यावर उपाय म्हणजे आदल्या वर्षीचे, दाटीत ठेवून खुरटविलेले ५० ते १०० ग्रॅमचे मासे जुलैत सोडणे. मोकळी जागा व खाद्य मिळताच ते झपाट्याने वाढतात. त्यांची मागणी बीज केंद्राकडे उन्हाळ्यातच नोंदवावी.

तिसरी गोष्ट : तळ्याची तयारी आणि खाद्य

भाताचे सुधारित वाण लावले आणि खत दिले नाही, तर वाणाला दोष देता येत नाही. जलद वाढणाऱ्या माशाला भूकही अधिक असते. उपाशी तळ्यात जयंती आणि साधा रोहू सारखेच दिसतील.

तळे उन्हाळ्यात पूर्ण आटवून तापू द्यावे, म्हणजे मरळ, जिताडा यांसारखे मांसाहारी मासे उरत नाहीत. बारमाही तळ्यात दहा गुंठ्यांस, पाणी सरासरी एक मीटर असल्यास, २५० किलो मोहाची पेंड टाकावी आणि तीन आठवड्यांनंतरच बीज सोडावे. मातीचा सामू तपासून आम्लधर्मी जमिनीत २० ते ५० किलो चुना द्यावा. सुरुवातीला ४०० ते ५०० किलो शेण टाकावे व पुढे पाण्याचा हिरवेपणा पाहून दर महिन्यास थोडे थोडे द्यावे.

दहा गुंठ्यांत एकूण ५०० नग पुरेत : कटला १५०, रोहू २००, मृगळ १५०. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या व मृगळ तळाशी चरतो. बीजाची पिशवी १५ ते २० मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवून, सकाळी किंवा सायंकाळी तिचे तोंड उघडावे आणि मासे आपणहून बाहेर जाऊ द्यावेत.

भुईमूग पेंड व भाताचा कोंडा समभाग मिसळून, भोके पाडलेल्या गोणीतून रोज ठरावीक वेळी व ठरावीक जागी द्यावा. पहिल्या महिन्यात वजनाच्या ५ टक्के, पुढे ३ ते २ टक्के. दर महिन्यास जाळे ओढून २०-२५ मासे तोलावेत. उदाहरणार्थ, ४०० मासे सरासरी २०० ग्रॅमचे असतील तर वजन ८० किलो. ३ टक्क्यांप्रमाणे रोज २.४ किलो खाद्य. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करीत असतील तर शेण आणि खाद्य थांबवून ताजे पाणी सोडावे. ढगाळ दिवसांत विशेष लक्ष ठेवावे.

आपल्याकडे जुलैचा पाऊस एका रात्रीत बांध ओलांडतो. सांडव्याला बारीक जाळी बसवावी आणि बांध पाण्याच्या पातळीपेक्षा निदान दोन फूट उंच ठेवावा. कारखान्यांचे सांडपाणी मिसळलेल्या नाल्याचे पाणी तळ्यात कदापि घेऊ नये.

सारांश

खात्रीचे बीज, मोठा आकार आणि पोटभर खाद्य ही तिन्ही असतील तर सुधारित रोहूवरील जादा खर्च भरून निघतो. यांपैकी काही कमी पडणार असेल, तर यंदा साध्या जातीची मोठी बोटुकली घ्यावी, दरमहा वजनांची नोंद ठेवावी आणि पुढील वर्षी अर्ध्या संख्येत सुधारित बीज सोडावे. सोडण्यापूर्वी सुधारित माशांच्या एका पराचे टोक अलगद कापून खूण करावी. कापलेला पर काही आठवड्यांत भरून येतो, म्हणून मासिक तोलाच्या वेळी खूण पुसट दिसल्यास ती पुन्हा करावी. काढणीच्या दिवशी दोन्ही ढीग वेगळे तोलले की आपल्या पाण्यात कोणता रोहू परवडतो, हे आपल्याच तराजूवर कळेल.