एपी की ड्युअल? नातवंडांची निवड आणि त्यांची झोप

रविवारच्या व्हिडिओ कॉलवर अमेरिकेतला आपला नातू किंवा नात दिसत असेल, आणि ते मूल दहावी-अकरावीत असेल, तर हिवाळा सरता सरता त्या घरात चाललेला एक वाद आपल्या कानी आला असेल : ‘एपी घ्यायचे की ड्युअल?’ पुढील वर्षाचे विषय तेथे याच सुमारास ठरतात. यातले फारसे उमगत नाही म्हणून आपण गप्प राहता. काही जण न उमगताही बोलतात. मी त्यांतली. गेल्या वर्षी न्यू जर्सीला लेकीकडे राहायला गेले असता, ‘शेजारच्या मुलीने पाच एपी घेतले आहेत म्हणे,’ एवढेच मी जेवताना म्हटले. नातीने मुकाट्याने आपल्या कागदावर आणखी एका विषयापुढे खूण केली.

एपी म्हणजे ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट. कॉलेज बोर्ड ही संस्था १९५५ पासून हे अभ्यासक्रम चालवते. विषय शाळेतच, शाळेचे शिक्षक वर्षभर शिकवतात आणि मे महिन्यात सर्वत्र एकच परीक्षा होते. गुण १ ते ५. आपल्या बोर्डाच्या परीक्षेशी याचे नाते आपल्याला चटकन जुळवता येईल. ३ किंवा अधिक गुण मिळाल्यास अनेक विद्यापीठे त्या विषयाचे श्रेयांक देतात, नामांकित विद्यापीठे ४ किंवा ५ मागतात, आणि काही संस्था श्रेयांक देतच नाहीत. वर्षभर उत्तम अभ्यास करणाऱ्या मुलाचे त्या तीन तासांत डोके चालले नाही, तर श्रेयांक हुकतात. शाळेतील वर्षाचे गुण मात्र शाबूत राहतात.

ड्युअल एनरोलमेंटमध्ये मूल शाळेत असतानाच महाविद्यालयाचा, बहुधा जवळच्या कम्युनिटी कॉलेजचा, विषय घेते. तेथे एका परीक्षेवर सारे अवलंबून नसते. सत्रभरातील लेखन, चाचण्या, गृहपाठ यांवर गुण ठरतात. उत्तीर्ण झाले की श्रेयांक मिळाले. ते त्याच राज्यातील सरकारी विद्यापीठांत सहसा चालतात; खासगी किंवा परराज्यातील विद्यापीठांत चालतीलच असे नाही. खर्च राज्याराज्यांत निराळा. काही राज्यांत हे शिक्षण विनामूल्य असते. मात्र एक गोष्ट आपल्या कानावर सहसा येत नाही. या विषयातले गुण महाविद्यालयाच्या गुणपत्रकावर कायमचे उमटतात. सोळाव्या वर्षी आजारपणात मिळालेला ‘डी’ पुढे पदवीच्या आणि शिष्यवृत्तीच्या अर्जांतही समोर येऊ शकतो. म्हणून ‘ड्युअल सोपे असते’ हे ऐकीव मत आपण पुढे सरकवू नये.

आता नातीकडे येते. सप्टेंबरात शाळा सुरू झाली आणि माझ्या सकाळी साडेदहाला, म्हणजे तिच्या रात्री एकला, संदेश येऊ लागले : ‘आजी, काय करतेस?’ मला आरंभी कौतुकच वाटले. नोव्हेंबरात लेकीने सांगितले की ती सकाळी काही खात नाही, डोके सतत दुखते, गणिताच्या तासाआधी हात थरथरतात. डॉक्टरांनी तपासण्या लिहून देण्यापूर्वी विचारले, ‘किती तास झोपतेस?’ उत्तर होते पाच.

अमेरिकन ॲकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ मध्ये तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी दररोज ८ ते १० तास झोप सुचवली. या वयात शरीराचे घड्याळच पुढे सरकते, रात्री उशिरापर्यंत झोप येत नाही. हा निव्वळ आळस नव्हे. शाळा साडेआठपूर्वी भरू नयेत, अशी शिफारस तेथील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये केली ती याच कारणाने. ‘आम्ही पहाटे चारला उठून पाठांतर करायचो’ हे आपले लाडके वाक्य येथे गैरलागू आहे. (शिवाय आपण तेव्हा रात्री नऊला झोपत होतो, हे आपण सांगायचे विसरतो.)

शाळेतील समुपदेशकांशी बोलून नातीने एक एपी सोडला आणि जानेवारीपासून कम्युनिटी कॉलेजात संख्याशास्त्र घेतले. सारे सुरळीत झाले असे नाही. तास आठवड्यातून दोन संध्याकाळी, गाडीने पोहोचवायला लेकीची धावपळ, आणि आपल्यापेक्षा मोठ्या मुलांत बसायचा संकोच. पण डोकेदुखी उणावली.

नातवंडाला वाचनदोष, अवधानाची अडचण किंवा मधुमेहासारखा आजार असेल, तर निवडीपूर्वी पालकांना एक प्रश्न अवश्य विचारावा : सवलतींचे काय? शाळेत मिळणारा जादा वेळ एपीच्या परीक्षेत आपोआप मिळत नाही. कॉलेज बोर्डाकडे आधी अर्ज करून मंजुरी घ्यावी लागते. महाविद्यालयाच्या विषयासाठी तर तेथील अपंगत्व-सेवा कार्यालयात विद्यार्थ्यालाच नोंद करावी लागते, आणि शाळेने आखलेली योजना तेथे जशीच्या तशी लागू होत नाही. महाविद्यालयाचे प्राध्यापक पालकांशी बोलतीलच, असेही गृहीत धरू नये. आपले म्हणणे स्वतः मांडू शकणाऱ्या मुलाला हे मानवते. बुजऱ्या मुलाला शाळेतला ओळखीचा शिक्षक बरा.

आपण तेथे राहायला गेला असाल तर रात्री दिवा किती वाजता मालवतो, ताट अर्धे राहते का, पूर्वीचा छंद सुटला का, हे आपल्याला आई-वडिलांच्या आधी दिसते. ते मुलीला वा सुनेला एकांतात सांगावे, मुलासमोर नव्हे. जगणे नकोसे झाल्याचे शब्द कधी ऐकू आले तर थांबू नये. तेथे ९८८ या क्रमांकावर दिवसरात्र मदत मिळते.

परवा नातीचा फोन आला तेव्हा तिच्याकडे संध्याकाळचे सात वाजले होते. बारावीच्या विषयांचा कागद तिने पडद्यासमोर धरला : दोन एपी, एक कॉलेजचा. मी चष्मा लावून तिन्ही नावे वाचली आणि जेवलीस का, एवढे विचारले.