आईची साखर आणि घरातले डबे

एप्रिल-मे उजाडला की आपल्या खान्देशात घरोघर साठवणीची घाई सुरू होते. दादर ज्वारी, गहू, तूरडाळ कोठीत जाते. गच्चीवर पापड-कुरडया वाळतात, मिरची कांडली जाते. वर्षाची भाकरी घरात आली की गृहिणीला निवांत झोप लागते. आमच्याही घरी हेच चालत आले. गेल्या वर्षी मात्र आईच्या रक्तातील साखर उपाशीपोटी २४० निघाली आणि भरलेल्या कोठीकडे मी प्रथमच शंकेने पाहिले.

एका परिचिताने 'लो कार्ब' आहाराची यादी आणून दिली. बदामाचे पीठ, ऑलिव्ह तेल, चीज, अ‍ॅव्होकॅडो. मी कारकून माणूस, यादी हाती आली की आधी बेरीज करतो. आमच्या महिन्याच्या किराण्याहून ती यादी महाग निघाली. यादी बाजूला ठेवली, पण तिच्यामागचा विचार समजून घ्यायचे ठरवले.

विचार तसा जुनाच आहे. लंडनच्या विल्यम बँटिंग नावाच्या गृहस्थाने पाव, साखर, बटाटा सोडून वजन उतरवले आणि १८६३ मध्ये त्यावर पुस्तिका छापली. भाकरी, पोळी, भात यांतील पिष्टमय पदार्थांची पोटात साखर होते. तेल-तुपातील स्निग्धांश रक्तातील साखर फारसा वाढवत नाही. म्हणून भाकरी कमी करायची आणि भूक भाजी, अंडी, मांस, शेंगदाणे, तेल यांवर भागवायची. आपल्याकडे गाजलेला डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा दोन वेळच्या जेवणाचा मार्ग वेगळा. तिथे भर किती वेळा जेवावे यावर आहे, इथे ताटात काय आहे यावर.

आता आपल्या घरांची अडचण पाहा. रेशनवर अंत्योदय कार्डाला महिन्याला ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. या धान्याने उपासमार टळली, हे मान्यच. पण जे फुकट मिळते ते गहू-तांदूळ, आणि जे विकत घ्यावे लागते ते अंडे, तेल, शेंगदाणे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतीयांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के उष्मांक पिष्टमय पदार्थांतून येतात असे दिसले. गरिबाचे ताट पाहिले तर यात नवल वाटत नाही.

आणि मजा अशी की चरबीला आपली माणसे कधी नाकारत नव्हती. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांगांच्या चुलीवरचे पदार्थ आले आहेत. मांस वाळवून ठेवणे, चरबीत शिजवणे हे ज्ञान आपल्या आज्यांकडे होते. त्याच वर्षी राज्यात बैलाच्या कत्तलीवरही कायद्याने बंदी आली आणि स्वस्त मांसाची एक वाट बंद झाली.

मग आम्ही काय भरले? पहिल्या डब्यात शेंगदाणे. शंभर ग्रॅममध्ये सुमारे २५ ग्रॅम प्रथिने आणि ४० ग्रॅमहून अधिक स्निग्धांश. दुसऱ्यात तीळ आणि जवस. दोन्ही भाजून, लसूण-मिरची घालून कुटले की चटणी तयार. तिसऱ्यात सुके खोबरे, रश्शाच्या वाटणासाठी. अंडी आठवड्याची एकदम आणतो. आपला नवापूर तालुका कोंबड्यांसाठी प्रसिद्ध. २००६ आणि २०२१ मध्ये बर्ड फ्ल्यूने तिथले व्यावसायिक हवालदिल झाले होते. आठवडे बाजारातून सुकट आणि बोंबील आणतो, पण त्यात मीठ फार, रक्तदाब असणाऱ्याने बेताने खावे. रोजची भाजी म्हणजे गिलके, वांगी, मेथी, अंबाडी, शेवग्याचा पाला. वांग्याचे भरीत आईला चालते. शेवभाजी नाही, कारण शेव म्हणजे तळलेले बेसन. तेल शेंगदाण्याचेच, वनस्पती तूप घरात येत नाही. तूरडाळ प्रथिनांची असली तरी तिच्यात निम्म्याहून अधिक पिष्टच असते, म्हणून ती वाटीभरच.

"भाकरीशिवाय पोट कसं भरायचं रे?" आईचा पहिला प्रश्न. दोन भाकरींची एक केली, मग अर्धी.

इथेच आमची चूक झाली. भाकरी अर्ध्यावर आणली, पण डॉक्टरांना विचारले नाही. गोळ्या जुन्याच चालू होत्या. आठव्या दिवशी दुपारी आईला दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, बोलणे अडखळले. साखर एकदम खाली गेली होती. ती शुद्धीवर होती, म्हणून पत्नीने साखरपाणी पाजले आणि थोड्या वेळात ती सावरली. त्याच संध्याकाळी डॉक्टरांनी गोळी निम्मी केली आणि मला चांगलेच सुनावले. बरोबरच होते त्यांचे. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने आहार बदलण्याआधी डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. मूत्रपिंडाचा विकार असेल, घरात गरोदर बाई असेल, तर हा प्रयोग स्वतःच्या मनाने करूच नये. आणि दिवसभर शेतात किंवा हमालीत राबणाऱ्या निरोगी माणसाची भाकरी कुणी काढून घेऊ नये. आमच्या घरी मुले आणि मी पूर्वीसारखेच जेवतो, रेशनचा गहू आम्हीच संपवतो.

तीन महिन्यांनी आईची उपाशीपोटीची साखर १४० वर आली, निम्म्या गोळीवर. डॉक्टर म्हणाले, तपासणी चालू ठेवा.

साठवणीबद्दल एक सांगायचे राहिले. शेंगदाणे, जवस, खोबरे ही तेलाची जिन्नस धान्यासारखी वर्षभर टिकत नाहीत, खवट होतात. त्यामुळे एकदम पोते घेऊ नका, महिन्यापुरतेच घ्या. कडक उन्हात वाळवून, गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. पावसाळ्यात डबा अधूनमधून उघडून पाहा. बुरशी धरलेला किंवा कडू लागणारा दाणा दिसला की धुऊन-भाजून वापरू नका, सरळ टाकून द्या. ती बुरशी यकृताला घातक असते आणि भाजूनही तिचे विष पुरते जात नाही.