हेनी औकाम्प : कथाकार आणि कॅबरेकार

जन्म १९३४, दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केपमधले डोर्ड्रेख्त. मृत्यू २०१४, केप टाऊन. स्टेलेनबॉश विद्यापीठात शिक्षणशास्त्र शिकवणाऱ्या या आफ्रिकान्स भाषेतल्या लेखकाची पहिली ओळख कथाकाराची. पहिला संग्रह १९६३चा. आफ्रिकान्स साहित्यासाठीचा हर्टझॉग पुरस्कार १९८२मध्ये. मला मात्र त्यांचे कॅबरे अधिक धीट वाटतात. आपल्याकडे कॅबरे म्हटले की हिंदी सिनेमातला नाच आठवतो. औकाम्प यांच्याकडे कॅबरे म्हणजे गाण्यांतून, छोट्या प्रवेशांतून समाजाला सुनावलेले खडे बोल. वर्णभेदाच्या काळात बाकांवर, दारांवर ‘फक्त गोऱ्यांसाठी’ अशा पाट्या असत. त्याच पाटीचे शब्द फिरवून १९८६मध्ये त्यांनी आपल्या कॅबरेला नाव दिले ‘स्लेख्स फिर आल्माल’, म्हणजे ‘फक्त सर्वांसाठी’.