रिम मोठी, पण टायर कोणता?

टायरच्या कडेवरचं १८५/६५ आर१५ म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर, कडेची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १५ इंची. चाकाचा व्यास भरतो साधारण ६२१ मिलिमीटर. १६ इंची रिमची हौसच असेल, तर १९५/५५ आर१६ पाहा. व्यास जवळपास तोच, त्यामुळे स्पीडोमीटरचा आकडा बिघडत नाही. मात्र कड १३ मिलिमीटरने घटते आणि आपल्या खड्ड्यांत रिम वाकण्याची भीती वाढते. ‘अलॉय म्हणजे हलकं’ हे दुकानातलं वाक्यही जपून ऐका. मोठं, स्वस्त ओतीव अलॉय मूळच्या लोखंडी चाकापेक्षा जड निघू शकतं. चाकाचं हे वजन सस्पेन्शनच्या स्प्रिंगखालचं, शिवाय फिरतंही. त्यामुळे पिकअप, ब्रेक आणि रस्त्यावरची पकड, तिन्हींना ते जाणवतं. आणि नव्या टायरचा लोड इंडेक्स, म्हणजे तो किती भार पेलतो हे सांगणारा आकडा, मूळ टायरपेक्षा कमी नको.