गवती छपरांखालचे इंग्लंड

आपल्या शहरातून हल्ली दरसाल काही मंडळी विलायतेच्या सहलीस जाऊन येतात. परत आल्यावर जे फोटो दाखवितात त्यांत एक फोटो हमखास असतो : मधाच्या रंगाच्या दगडी घरांची एक तिरपी रांग, उतरती छपरे, समोर ओढा, त्यात बदके. ग्लॉस्टरशरमधल्या बायबरी गावची ही आर्लिंग्टन रो. सहलीची बस तेथे अर्धा तास थांबते आणि मंडळी पुढे जातात. या अर्ध्या तासात काय पाहावे, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

ही घरे राहण्यासाठी बांधलेलीच नव्हती. सुमारे १३८० साली मठवासीयांनी बांधलेले ते लोकरीचे कोठार होते. सतराव्या शतकात त्याच्या खोल्या पाडून त्यांत विणकर बसविले. समोरच्या ओल्या कुरणाला अजून रॅक आयल म्हणतात, कारण विणलेले कापड तेथे लाकडी घोड्यांवर वाळत घालीत. म्हणजे ज्याला आपण चित्र म्हणतो ती एके काळची चाळ आहे! मग ती टिकली कशी? कापडाचा धंदा उत्तरेकडच्या वाफेच्या गिरण्यांत गेला, आणि जुने पाडून नवे बांधण्याइतका पैसा या बाजूला उरला नाही. श्रीमंत गाव आपली जुनी घरे पाडते, गरीब गाव त्यांतच राहते. इंग्लंडातली पुष्कळ देखणी खेडी अशी धंदा बुडाल्याने वाचली आहेत.

काही गावांचे देखणेपण मात्र हुकुमाने आलेले आहे. डॉर्सेट परगण्यातल्या मिल्टन अ‍ॅबस येथे एका उतरत्या रस्त्याच्या दोन्ही अंगांस गवताने शाकारलेली पांढरी घरे ओळीने उभी आहेत, सारी एका साच्यातली. मूळचे गाव लॉर्ड मिल्टनच्या वाड्यासमोर होते. त्याच्या दृष्टीस ते खुपू लागले. म्हणून त्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस ते पाडविले, केपेबिलिटी ब्राउन या नामांकित बागरचनाकाराकडून वाड्याभोवतीचा परिसर सजविला, आणि रयतेस टेकडीआड या नव्या घरांत नेऊन ठेविले. आज जे टुमदार एकेक घर दिसते त्यात तेव्हा दोन दोन कुटुंबे कोंबलेली असत. धरणग्रस्तांच्या सभा आम्ही घेतल्या आहेत. ते रेखीव घर पाहून आम्हांस फोटो काढवेना.

येथून थोडे दक्षिणेस टॉलपडल आहे. सहलीच्या बसेस तेथे सहसा जात नाहीत. आमचे मन मात्र तेथेच गुंतले. १८३० च्या सुमारास आसपासच्या शेतमजुरास आठवड्यास १० शिलिंग मिळत. टॉलपडलच्या मालकांनी ते ९ वर आणले, मग ८, मग ७, आणि पुढे ६ करण्याची धमकी दिली. तेव्हा १८३३ साली जॉर्ज लव्हलेस या शेतमजुराने संघटना काढली. गावातल्या सिकॅमोरच्या झाडाखाली मंडळी जमत. युनियन काढणे १८२४ पासून गुन्हा नव्हता. मग पकडावे कशावरून? नव्या सभासदास डोळे बांधून गुप्ततेची शपथ देत, एवढे निमित्त पुरले. आरमारातल्या बंडानंतर १७९७ साली केलेला शपथांविरुद्धचा कायदा उकरून काढला आणि मार्च १८३४ मध्ये डॉर्चेस्टरच्या कोर्टाने सहा जणांस सात वर्षांचे काळे पाणी सुनावले. त्यांस ऑस्ट्रेलियास धाडले. आमच्या नारायण मेघाजी लोखंड्यांचा जन्म होण्याआधी चौदा वर्षांची ही गोष्ट. आम्ही इंग्रजी शिकलो ते लेबर कोर्टाच्या निकालपत्रांवरून, त्यामुळे कलमाची ही ओढाताण आम्हांस मुळीच परकी वाटली नाही.

लंडनमध्ये त्याच एप्रिलात हजारोंचा मोर्चा निघाला, अर्जांवर सह्या झाल्या, आणि १८३६ साली सरकारला माफी द्यावी लागली. पाच जण पुढे कॅनडात स्थायिक झाले. सहावा जेम्स हॅमेट परत टॉलपडलला आला आणि मरेपर्यंत याच भागात राहिला. शपथविधीच्या रात्री तो हजरही नव्हता असे सांगतात; भावावरचा आरोप त्याने मुकाट्याने अंगावर घेतला. म्हातारपणी दृष्टी गेली, तेव्हा कोणास भार नको म्हणून तो डॉर्चेस्टरच्या वर्कहाऊसमध्ये, म्हणजे निराधारांच्या कोंडवाड्यात, राहावयास गेला आणि १८९१ साली तेथेच वारला. त्याची कबर टॉलपडलच्या चर्चच्या आवारात आहे. तिच्यावरचा दगड एरिक गिल या शिल्पकाराने घडविला, पण तो १९३४ साली, म्हणजे त्रेचाळीस वर्षांनी.

त्याच साली ब्रिटिश ट्रेड युनियन काँग्रेसने गावात सहा घरे बांधली. ती शोभेची नाहीत. निवृत्त शेतमजुरांस राहण्यासाठी आहेत, आणि त्यांच्याच मध्ये एक लहानसे संग्रहालय आहे. जुलैत जाल तर युनियनवाल्यांची जत्राच भेटेल. वाद्ये, रेशमी निशाणे आणि भाषणे, आपल्या मे दिनाहून पुष्कळ अधिक थाटाची. लंडनहून डॉर्चेस्टरपर्यंत आगगाडी आहे, तेथून पुढे गाव काही फार दूर नाही.

ते झाड अजून उभे आहे. खोड पोकळ आहे, पण पालवी फुटते. शेजारी गवताने शाकारलेली एक छत्री आणि बसावयास बाक आहे. ही छत्री १९३४ साली बांधून दिली सर अर्नेस्ट डेबनहॅम यांनी. हे गृहस्थ लंडनचे बडे कापड दुकानदार, म्हणजे मालकवर्गातले. आम्ही तेथे बराच वेळ बसलो.