कपेंटा जिथं, टायगर तिथं

कारिबावर गळ टाकायला निघण्यापूर्वी तिथी बघावी, असं म्हटलं तर थट्टा वाटेल. पण झांबिया आणि झिंबाब्वेच्या सीमेवरच्या या जलाशयात चंद्राचा हिशेब ठेवावाच लागतो, आणि तो एका बोटभर माशापायी.

झांबेझी नदीवरचं धरण 1959 साली पुरं झालं आणि मागे सुमारे 280 किलोमीटर लांबीचं पाणी तुंबलं. नदीतल्या माशांना काठाची, खडकांची सवय. मधलं खोल, मोकळं पाणी ओसच राहिलं. म्हणून 1967-68 मध्ये टांगानिका सरोवरातून कपेंटा आणून सोडला. तारलीच्या कुळातला हा चंदेरी मासा इथं असा रुळला, की पुढे धरणातून निसटून खाली मोझांबिकच्या काहोरा बासा जलाशयातही जाऊन पोचला.

कपेंटा धरतात रात्री. तराफ्यावरून दिवा सोडतात, त्याखाली जाळं. उजेडाला सूक्ष्म जीव जमतात, त्यांच्यामागे कपेंट्याचे थवे. ते आले की जाळं वर ओढायचं. पौर्णिमेच्या सुमारास सगळं पाणीच उजळलेलं असतं, मग दिव्याला कोण विचारतो? तेव्हा तराफे काठालाच असतात. एरवी सकाळी काठावर खारवलेला कपेंटा वाळत पडलेला दिसतो, आपल्याकडच्या सुक्या मासळीसारखाच.

या थव्यांच्या मागावर असतो टायगरफिश. ओठांबाहेर आलेले सुळे, अंगावर काळे पट्टे. साधं तंगूस तो एका चाव्यात तोडतो, म्हणून गळाच्या वर तारेचा तुकडा हवाच. खरी पंचाईत पुढे आहे. त्याचा जबडा हाडाचा, त्यात गळ रुतत नाही. मासा पाण्याबाहेर झेपावून डोकं झटकतो, दोरी क्षणभर सैल पडली की गळ सुटलाच. गळाला लागलेल्यांपैकी बरेचसे असेच जातात. आमिष म्हणून कपेंटाच लावावा. 2001 साली इथं 16.1 किलोचा टायगर मिळाला होता.

जून-जुलैत पाणी गार पडतं आणि टायगर सुस्तावतो. सप्टेंबरपासून पाणी तापू लागलं की त्याची भूक खवळते. दिवस मात्र भाजून काढणारे. उन्हाळ्यात पाण्याचे थर पडतात: वर कोमट, तळाशी गार आणि प्राणवायूला पारखं. तेव्हा अगदी खोलात गळ सोडणं म्हणजे वेळ घालवणं. पावसाला सुरुवात झाली की टायगर अंडी घालायला नद्यांत चढतात, म्हणून सान्यातीसारख्या नदीच्या मुखाशी नाव लावावी.

ज्यांना धिंगाण्यापेक्षा जेवण प्यारं, त्यांनी उथळ खाड्यांत बुडालेल्या मोपाने झाडांच्या सांगाड्यांजवळ गांडूळ लावून बसावं. तिथं ब्रीम मिळतो. उजनीकाठी ताटात येणारी चिलापी त्याचीच नातलग, मूळची आफ्रिकेचीच.

आणि वुंडू. आपल्या मांगुराचा हा राक्षसी भाऊबंद, वजनाला 50 किलोपर्यंत. त्याला लावतात कपडे धुवायच्या निळ्या साबणाची वडी! साबणातल्या चरबीच्या वासाला तो भुलतो म्हणतात. हात साबणाने बुळबुळीत झाले तरी धुवायला काठाशी वाकू नये. कारिबात मगरी भरपूर आहेत. नावेत बादली ठेवावी.