प्रमाणपत्र म्हणजे पासवर्ड नव्हे

व्हीपीएन म्हणजे सार्वजनिक इंटरनेटमधून कार्यालयाच्या नेटवर्कपर्यंत नेणारा कूटबद्ध (सांकेतिक रूपात बंद केलेला) मार्ग. वसईच्या घरातून किंवा लोकलमध्ये मोबाइल डेटावर काम करणाऱ्याचा आयपी पत्ता बदलत राहतो. पत्त्यावरून माणूस ओळखता येत नाही, म्हणून ओळख पटवायला डिजिटल प्रमाणपत्र वापरतात.

हे प्रमाणपत्रच गुप्त ठेवायचे असते, असा समज सर्रास आढळतो. विरार-चर्चगेटचा मासिक पास तपासनीसाला दाखवण्यासाठीच असतो. त्यावर ओळखपत्राचा क्रमांक असतो आणि ते जवळ नसेल तर नुसता पास चालत नाही. प्रमाणपत्रही तसेच, उघड दाखवायचे. जपायची ती खासगी किल्ली (प्रमाणपत्राच्या जोडीची, उपकरणातच राहणारी प्रचंड मोठी संख्या). सर्व्हर ती मागत नाही. तिने केलेली डिजिटल सही तेवढी पडताळतो.

म्हणूनच एकच किल्ली साऱ्या कर्मचाऱ्यांना व्हॉट्सॲपवर पाठवणे घातक. प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र जोडी हवी. नालासोपाऱ्याच्या गर्दीत फोन गेला, तर त्याचेच प्रमाणपत्र रद्द करता येते. बाकीच्यांचे काम अडत नाही. मात्र रद्द प्रमाणपत्रांची यादी सर्व्हरवर ताजी नसेल, तर रद्द केलेले प्रमाणपत्रही मुदत संपेपर्यंत चालतच राहते.